उन्हाला उंबऱ्याबाहेरच थांबवा

मैत्रिणींनो, चैत्र उजाडला की आपली कामं ठरलेली असतात. माळ्यावरचा कुलर खाली काढायचा, माठ घासूनपुसून तिवईवर मांडायचा, कैऱ्या उकडायच्या, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी हरभऱ्याची डाळ भिजत घालायची. आणि दुपारच्या चहाला बसलं की घरोघरी एकच विषय निघतो, "काय हो, यंदा एसी घ्यायचाच का?"

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेही हेच चाललं होतं. आमचं घर अकोल्यात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जाणं आम्हाला नवीन नाही. माझ्या सासूबाईंची खोली वरच्या मजल्यावर, अगदी गच्चीच्या खाली, आणि खोलीला एकच मोठी खिडकी, तीही पश्चिमेला. खालची गार खोली त्यांनीच नातवाच्या अभ्यासासाठी सोडून दिलेली. त्या मे महिन्यात एका रात्री दोन-अडीचला मी पाणी प्यायला उठले, तर सासूबाई जिन्यात बसलेल्या! डोक्यावर ओला पंचा, हातात पंखा. म्हणाल्या, "वर अंग भाजतं गं, इथे जरा वारा लागतो." किती रात्री त्यांनी अशा जिन्यात काढल्या होत्या कोण जाणे! आम्हाला पत्ताच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी हे दीड टनाचा एसी घेऊन आले. वाटलं, सुटला प्रश्न. पण कसचं काय! यंत्र रात्रभर घरघरत राही आणि खोली काही म्हणावी तशी गार होईना. दोनदा माणूस बोलावला, दोन्ही वेळा तो "गॅस कमी झालाय" म्हणून गॅस भरून, पैसे घेऊन गेला. महिन्याचं बिल आलं ते पाहून सासूबाईंनी धसकाच घेतला. आम्ही निजलो की त्या गुपचूप एसी बंद करत आणि पुन्हा जिन्यात येऊन बसत. म्हणजे पैसे गेले, वीज गेली आणि म्हातारं माणूस होतं तिथेच राहिलं.

माझी भाची पुण्याला आर्किटेक्चर शिकते. सुटीत आली तेव्हा तिनं रात्री दहाला खुर्चीवर चढून त्या खोलीच्या छताला हात लावला. मलाही लावायला लावला. अहो, पोळीचा तवा उतरवून ठेवल्यावर काही वेळानं जसा लागतो ना, तसा तो स्लॅब लागत होता! भाची म्हणाली, "मावशी, खाली जाळ तसाच ठेवून तू पातेल्यात बर्फ टाकते आहेस. आधी जाळ बंद कर."

मग तिनं मला जे शिकवलं ते तीन वाक्यांत सांगते. उष्णता अडवणं सगळ्यांत स्वस्त. आत आलेली उष्णता बाहेर नेणं त्याहून महाग. आणि वीज जाळून नवी उष्णता तयार करणं सगळ्यांत महाग. घर गार करायचं असो की आंघोळीचं पाणी तापवायचं असो, हा क्रम चुकला की पैसा वाया. आपण बहुतेक जणी नेमका उलटा क्रम धरतो.

मागल्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी हेच शिकवलं, तेही घरातल्याच वस्तूंनी. तुम्हीही करून बघा.

पहिला धडा : दोन झाकणं

एकसारखी दोन पत्र्याची झाकणं घ्या. एकाला चुना फासा, दुसऱ्याला दिव्याची काजळी. दोन्ही अर्धा तास उन्हात ठेवा आणि मग हात लावा. काळ्याला हात लावताना जपून हं, चटका बसेल! पांढरं मात्र सहज हातात धरता येतं. ऊन तेच, पत्रा तोच, फरक फक्त रंगाचा. पांढरा रंग बरंचसं ऊन आल्या वाटेनं परत पाठवतो, काळा ते गिळतो.

आता आपल्या गच्चीकडे पाहा. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. अकोल्यात तर मेच्या चौथ्या आठवड्यात तो अगदी थेट माथ्यावर येतो. म्हणजे भिंतींपेक्षा गच्चीच जास्त तापणार. दिवसभर सिमेंटचा स्लॅब ही उष्णता साठवतो आणि रात्री, आपण अंथरूण घातलं की खाली सोडतो. वरच्या मजल्यावर दुपारपेक्षा रात्र नकोशी वाटते ती यामुळेच.

आमच्याकडे पूर्वी धाब्याची घरं असत. जाड मातीचं माळवद, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. आपल्या आजेसासूबाईंना हे शास्त्र पाठ होतं. सिमेंट आलं आणि आपण ते विसरलो.

उपाय सोपा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्ची झाडून, धुऊन घ्या. चुना आदल्या दिवशी भिजवा, गाळा, त्यात सुतारकामाचा पांढरा गोंद मिसळा आणि दोन हात द्या. बाजारात गच्चीसाठी तयार पांढरे रंगही मिळतात, ते महाग पण जास्त टिकतात. चुन्याचं काम करताना डोळ्यांना आणि हातांना जपा, मुलांना दूर ठेवा. अशा पांढऱ्या छपरानं खालच्या खोलीत साधारण २ ते ५ अंशांचा फरक पडू शकतो. धुळीनं रंग मळतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी पुन्हा एक हात हवा.

हे काही हौसेचं काम नव्हे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादला पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ माणसं जास्त दगावल्याचं पुढे अभ्यासातून दिसलं. २०१३ पासून तिथे उष्णतेसाठी वेगळा आराखडा राबवला जातो. पत्र्याच्या घरांची छपरं पांढरी करणं हा त्यातला पुढे आलेला एक उपाय. महिला हाउसिंग ट्रस्टनं वस्त्यांमधून बायकांना हाताशी धरूनच हे काम केलं. म्हाताऱ्या माणसांचं शरीर रात्री थंडावलं नाही तर दुसऱ्या दिवसाचं ऊन त्यांना सोसत नाही. घरात कुणाला उन्हाळ्यात भोवळ आली, बोलणं असंबद्ध झालं, अंग तापून निघालं, तर अंग ओलं करत तडक डॉक्टरकडे न्या. "जरा पडून राहा" असं म्हणत वेळ घालवू नका.

छतानंतर खिडकी. आपण हौसेनं आत जाड पडदे लावतो. पण ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. पडदा हवा खिडकीच्या बाहेर! बांबूची चिक, जुनी चटई, कापडाची कनात, काहीही चालेल. पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या खिडक्यांना तर हवंच, कारण सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन थेट आत येतं. आणि सकाळी नऊच्या आत खिडक्या मिटून घ्या, रात्री बाहेर गार झालं की सताड उघडा. मच्छरांसाठी जाळी बसवून घेतली की झालं.

दुसरा धडा : ओला पंचा

सासूबाईंच्या डोक्यावरचा ओला पंचा आठवतो ना? माठातलं पाणी गार होतं तेच त्या पंच्यात होतं. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. कुलर म्हणजे तरी दुसरं काय? ओल्या पडद्यातून वारा ओढणारा पंखा. पूर्वीचे वाळ्याचे पडदेही तेच करत. विदर्भ, खानदेश, मराठवाडा इथे उन्हाळी हवा कोरडी, तिथे कुलर एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत काम भागवतो.

पण माझी धाकटी जाऊ ठाण्याला असते. आमचा कुलर पाहून तिनंही घेतला आणि चार दिवसांत कंटाळली. तिथली हवा आधीच दमट, पाणी सुकायचं कुठून? कोकणात, मुंबईत कुलरवर पैसे घालू नका.

आणि आमच्याकडच्याही बायका एक चूक करतात. कुलर लावून दारं-खिडक्या घट्ट लावतात. मग खोलीत ओल कोंडते आणि अंगाला चिकचिक होते. कुलरसमोरची खिडकी थोडी उघडी हवी. एसीचं मात्र उलटं, तिथे फट राहता कामा नये. म्हणूनच एका खोलीत दोन्ही एकदम लावणं म्हणजे एकानं पाणी भरायचं आणि दुसऱ्यानं उपसायचं.

पंख्याचंही सांगते. पंखा खोली गार करत नाही, तो फक्त आपल्या अंगावरचा घाम सुकवतो. म्हणून खोलीत कुणी नसताना फिरणारा पंखा म्हणजे निव्वळ उधळपट्टी. आणि पारा ४० च्या वर गेल्यावर नुसता पंखा गरम वाराच अंगावर मारतो, तेव्हा म्हाताऱ्यांना ओला पंचा किंवा कुलर द्या.

जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो. आता बीएलडीसी नावाच्या मोटारीचे पंखे मिळतात, ते ३० वॅटच्या आसपास. दिवसाला सोळा तास चालला तर जुना पंखा महिन्याला ३६ युनिट घेतो, नवा साडेचौदा. तीन पंखे बदलले तर महिन्याला साठाहून जास्त युनिट वाचतात. शिवाय घरगुती बिलात वापर वाढला की युनिटचा दरही वरच्या टप्प्यात चढतो, हे आपण सगळ्याच जाणतो. २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही तारे असलेलं लेबल सक्तीचं झालं आहे. दुकानात ते आधी बघा, रंग मग.

तिसरा धडा : फ्रीजच्या मागे हात

आता फ्रीजच्या मागे किंवा बाजूला हात धरा. ऊबदार लागतं ना? ती आतल्या भाजीची आणि दुधाची उष्णता! फ्रीज गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एसीही तेच करतो. एक युनिट वीज घेऊन तो खोलीतली साधारण तीन युनिट उष्णता बाहेर नेतो. हमालच म्हणा ना! आता तापलेल्या छतातून सारखं ओझं आत येतच राहिलं, तर त्या बिचाऱ्या हमालानं किती वाहायचं? आमचा एसी रात्रभर थांबत नव्हता तो यासाठी.

गंमत म्हणजे हे यंत्र माणसांसाठी निघालंच नव्हतं. १९०२ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंग एकावर एक बसायचे नाहीत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरनं ते योजलं. आणि "टन" म्हणजे यंत्राचं वजन नव्हे बरं का! चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी उष्णता काढण्याची ताकद म्हणजे एक टन. छत आणि खिडकी नीट केली तर दीड टनाच्या जागी एक टनातही भागू शकतं. म्हणून आधी गच्ची, मग दुकान.

एसी घ्यायचाच झाला तर या गोष्टी लक्षात ठेवा. तारे दरवर्षी तेच राहत नाहीत, नियम कडक होत जातात, म्हणून लेबल कोणत्या काळासाठीचं आहे ते वाचा. लेबलावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. ते वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेले असतात. दोन एसींचे हे आकडे शेजारी ठेवा आणि किमतीतला फरक किती वर्षांत भरून येईल ते कागदावर मांडा. भिशीचा हिशेब करतो तितकंच सोपं आहे.

२०२० पासून तारे असलेले एसी सुरू करताना आपोआप २४ अंशांवर लागतात. ते १८ वर नेल्यानं खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ चालतं. उलट एकेक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २६-२७ वर ठेवून हळू पंखा लावा, झोप तितकीच छान लागते. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा.

आणि आता त्या गॅसचं. मैत्रिणींनो, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. एसीतला गॅस सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. माझ्या दोन खेपांचे पैसे असेच गळून गेले. मला हे ठाऊक असतं तर पहिल्याच वेळी विचारलं असतं, "दादा, आधी गळती दाखवा."

यात पैशांहून मोठी गोष्ट आहे. बऱ्याच एसींमध्ये असलेला आर-४१०ए हा गॅस एक किलो हवेत गेला, तर तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. आर-३२ त्याच्या तिपटीनं कमी, पण तोही निरुपद्रवी नाही. आपल्याकडे वीज अजून मुख्यतः कोळशावर होते. आमच्या जिल्ह्यातच पारसला औष्णिक वीज केंद्र आहे. एक युनिटामागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असं धरलं, तर तो एक किलो गॅस म्हणजे जवळजवळ तीन हजार युनिटांचा धूर झाला! घर गार करायला आपण बाहेरची हवा तापवायची, आणि ती तापली म्हणून आणखी एसी लावायचे, हे कुठवर चालणार?

चौथा धडा : आंघोळीचं पाणी

उन्हाळा सरला की हिवाळ्यातही हाच क्रम. वीस लिटरची बादली आंघोळीपुरती तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. पाच माणसांच्या घरात महिन्याला पंचाहत्तर युनिट. पूर्वी परसात तांब्याचा बंब पेटायचा, आता गीझर. दोन्हीकडे आपण नवी उष्णता तयारच करतो. म्हणजे तिसरी, सगळ्यांत महाग वाट.

गच्चीवर ऊन पडत असेल तर सौर बंब बसवा. ऊन फुकटचं, वर्षाचे बहुतेक दिवस वीज लागतच नाही. जागा नसेल तर आता हीट पंपाचे गीझर निघाले आहेत. फ्रीज उलटा केला असं समजा. बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडायची. साध्या गीझरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या विजेत काम होतं. किंमत जास्त असते, म्हणून मोठ्या कुटुंबाला किंवा सोसायटीला परवडतो. साधाच गीझर असेल तर कळ ५०-५५ अंशांवर ठेवा, आणि तो दिवसभर चालू ठेवू नका. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात कधीच नको, विषारी वायू कोंडून जीव जातो.

शिकायचं आणि शिकवायचं

तुम्ही म्हणाल, हे सगळं त्या तंत्रज्ञाला ठाऊक असायला हवं. खरं आहे. २०१९ साली आपल्या सरकारनं थंडाव्यासाठी वीस वर्षांचा आराखडा काढला, त्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. घरी येणाऱ्या माणसाला प्रशिक्षणाचा दाखला विचारायला संकोचू नका. आणि घरात दहावी-बारावी झालेली लेक असेल, हाताची हुशार असेल, तर तिलाही हा अभ्यासक्रम सुचवा. दुपारी एकट्या बाईच्या घरी दुरुस्तीला एखादी मुलगी आली तर तुम्हाआम्हाला किती बरं वाटेल!

पण घराचा रंग कुठला, पडदा कुठे, पंखा कुठला, बटण किती वेळ चालू, हे शेवटी आपणच ठरवतो ना? नवं घर बांधत असाल तर नकाशा कागदावर असतानाच बोला. निजायची खोली पश्चिमेला नको, खिडकीवर सज्जा खोल हवा, समोरासमोर हवा खेळती हवी. भिंती उभ्या राहिल्यावर बोलून उपयोग नसतो.

आमच्या घरचं सांगून संपवते. गच्ची पांढरी झाली, पश्चिमेच्या खिडकीबाहेर बांबूची चिक आली, पंखा बदलला. एसीची गळती शोधून बुजवली. तो आहे, पण आता निजायच्या आधी दोन तास चालतो, तोही २६ वर. मे महिन्याचं बिल आदल्या वर्षीच्या मेपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशानं उतरलं. बिल उतरलं म्हटल्यावर सासूबाईंनी एसी चोरून बंद करणंही सोडलं.

परवा शेजारच्या वहिनी आमच्याकडे विचारायला आल्या, "कुठला एसी चांगला हो?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "आधी वर जाऊन छताला हात लावून या, मग बोलू."

तुम्हीही आज रात्री दहाला तेवढं करा. आणि यंदाच्या हळदीकुंकवाला पन्ह्याच्या पेल्याबरोबर ती दोन झाकणं मैत्रिणींच्या हातात द्या.